चेनसॉचा कार्ब्युरेटर सेट करायचा कसा आणि मशीन हवा खेचतंय हे ओळखायचं कसं

चेनसॉ नीट चालेना की बहुतेक जण पहिलं काय करतात तर स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळायला बसतात, थोडं इकडे थोडं तिकडे, मग मशीन दहा मिनिटं बरं चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं. माझं मत सरळ आहे, स्क्रू हे धडधाकट मशीनला सूर लावायला दिलेत, आजारी मशीनचा आजार झाकायला नाही. इंजिन कुठून तरी फालतू हवा ओढत असेल तर स्क्रूने तुम्ही तो दोष फक्त लपवता आणि आठ-पंधरा दिवसांनी पिस्टनवर ओरखडे पडून मशीन बसतं, मग सिलिंडर-पिस्टनचा खर्च. म्हणून खाली दोन्ही एकत्रच लिहितोय, ट्यूनिंग पण आणि गळती शोधणं पण, कारण खरं तर ट्यूनिंग करतानाच गळतीचा पत्ता लागतो.

आधी थोडं आत काय चाललंय ते बघू, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल.

चेनसॉचं इंजिन टू स्ट्रोक, म्हणजे त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं सगळं वंगण. मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीतून जातं, बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला ऑइल लावत वर जातं आणि मग जळतं. आता पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, म्हणजे मिश्रण लीन झालं, तर पेट्रोलबरोबर ऑइल पण कमी जातं, शिवाय आत येणारं पेट्रोल इंजिन थंड ठेवायला जी मदत करतं ती पण कमी होते, आणि वर त्याच वेळी इंजिन जास्त रेस घेतं. वंगण कमी, गारवा कमी, फेरे जास्त, तिन्ही एकदम. पिस्टन सीझ होतो तो सहसा असाच, आणि पहिले ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला दिसतात कारण ती बाजू सगळ्यात गरम. उलट रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर धूर होतो, प्लग काळा होतो, ताकद कमी लागते, पण मशीन मरत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा रिचकडे झुकायचं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

कार्ब्युरेटर हा मोटरसायकलसारखा फ्लोटवाला नसतो, डायफ्रामवाला असतो, म्हणून चेनसॉ आडवा उलटा कसाही धरला तरी चालतो. एका बाजूला पंपाचा डायफ्राम, तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो, हे ठोके एका बारीक नळीतून किंवा भोकातून येतात, तिला इम्पल्स लाइन म्हणतात. दुसऱ्या बाजूला मीटरिंग डायफ्राम, तो एका छोट्या लिव्हरला दाबून सुई उघडतो-बंद करतो. हे रबरी पडदे जुने झाले, विशेषतः इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आत महिनोन्महिने राहिलं, की कडक होतात, हातात घेतल्यावर प्लॅस्टिकच्या कागदासारखे कडकड वाजतात. असा कडक पडदा असेल तर कितीही स्क्रू फिरवा, मशीन एकसारखं चालणार नाही, पडद्यांचं किट बदलावंच लागतं.

स्क्रू तीन. एल म्हणजे लो, आयडलिंग आणि तिथून रेस उचलतानाचं पेट्रोल. एच म्हणजे हाय, फुल रेसवरचं पेट्रोल. तिसरा एलए, काही मशीनवर टी किंवा एस लिहिलेलं असतं, हा पेट्रोलला हात लावत नाही, फक्त थ्रॉटलची चकती किती उघडी राहावी ते ठरवतो म्हणजे आयडलिंगचा वेग. एल आणि एच घड्याळाच्या दिशेने म्हणजे आत फिरवले की पेट्रोल कमी, लीन. उलटे म्हणजे बाहेर फिरवले की रिच. एलए आत फिरवला की वेग वाढतो. बस एवढंच, पण ऐनवेळी गोंधळ होतो म्हणून सुरुवातीला कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने बाण काढून ठेवा.

काही नव्या मशीनमध्ये हे स्क्रू नसतातच, स्टील (Stihl) कंपनीचं एम-ट्रॉनिक किंवा हस्कवार्ना कंपनीचं ऑटोट्यून असेल तर मिश्रण इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, तिथे तुमचं काम फक्त गळती आणि फिल्टर तपासणं. आणि काहींच्या स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या ठराविकच फिरू देतात, शिवाय डोकं सपाट नसून दातेरी किंवा डी आकाराचं असतं त्याला तसलाच ड्रायव्हर लागतो, पकडीने पिळू नका, पितळ मऊ असतं.

स्क्रूला हात लावायच्या आधी

हा भाग कंटाळवाणा आहे पण अर्धी मशीनं इथेच बरी होतात. एअर फिल्टर धुवा किंवा झटका, घाणेरड्या फिल्टरवर सेटिंग केलं आणि मग फिल्टर साफ केला तर मशीन आपोआप लीन होणार. पेट्रोल ताजं घ्या, महिनाभरापेक्षा जुनं असेल तर ओतून टाका, आणि मिश्रण नीट मोजून करा, ५०:१ म्हणजे एक लिटरला २० मिली ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली, पुस्तिकेत जे दिलंय ते. अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतणारे खूप आहेत. आणि एक गंमत, ऑइल जास्त टाकलं म्हणजे मिश्रण रिच झालं असं नाही, त्याच थेंबात पेट्रोल कमी झालं म्हणजे हवेच्या हिशोबाने उलट थोडं लीनच झालं.

टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघा, काळा चिकट झाला असेल तर बदला. पेट्रोलची नळी बोटांनी वाकवून बघा, चीर असेल तर वाकवल्यावरच दिसते. सायलेन्सरची जाळी काढा, कार्बनने बुजली असेल तर मशीन आयडलिंगला छान आणि लाकडात गेलं की मेल्यासारखं, आणि माणूस बिचारा एच स्क्रू फिरवत बसतो. टाकीचा श्वास, म्हणजे हवा आत घेणारा व्हेंट, बंद झाला असेल तर मशीन काही मिनिटं मस्त चालून बंद पडतं, झाकण सैल केलं की फुस्स करून हवा आत जाते आणि पुन्हा चालू, ही खूण इतकी स्पष्ट आहे की बाकी काही तपासायची गरज नाही, व्हेंट बदला. कॉम्प्रेशन गेज असेल तर लावा, चांगल्या मशीनला १५० पीएसआयच्या आसपास मिळायला हरकत नाही, १२० च्या खाली गेलं तर रिंग-पिस्टन बघायला हवा.

आणि सायलेन्सर काढलाच आहे तर बॅटरी लावून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघा. दोरी हळू ओढून पिस्टन वर-खाली करा. गुळगुळीत, चकचकीत, फारतर मशीनिंगच्या आडव्या बारीक रेषा, म्हणजे ठीक. उभे ओरखडे, अ‍ॅल्युमिनियम पुसल्यासारखं राखाडी दिसलं, तर मशीन आधीच कधीतरी लीन चाललंय, आता ट्यूनिंग नको, कारण शोधा.

ट्यूनिंग

मोकळी जागा हवी, बंद खोलीत अजिबात नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, हातमोजे. बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन लावलेली असू दे, चेनला धार आणि ताण बरोबर. मशीन जमिनीवर पक्कं, मागच्या हँडलवर पाय, चेन कशालाही न लागता मोकळी. फुल रेसची टेस्ट चेन ब्रेक लावून कधीच करायची नाही, क्लच काही सेकंदात जळतो. ब्रेक मोकळा, चेन फिरणार, म्हणून स्क्रू फिरवणारा हात चेनच्या बाजूने नेऊच नका आणि शेजारी कोणी उभं राहू देऊ नका.

सुरुवातीचं सेटिंग हरवलं असेल तर एल आणि एच हलक्या हाताने आत फिरवून टेकवा, टेकल्यावर जोर लावला तर सुईचं टोक दबतं आणि मग ती कधीच नीट सेट होत नाही. तिथून दोन्ही एक एक फेरा बाहेर. बऱ्याच मशीनला एवढ्यावर चालू तरी होता येतं, पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो. उलट, सेटिंग हरवलेलं नसेल तर उघडायच्या आधी आत टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, परत यायला रस्ता राहतो.

मशीन चालू करून पाच एक मिनिटं तापवा, नुसतं आयडलिंगवर नाही, एखाददोन काप घ्या. थंड इंजिनवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर बदलतं.

आता एल. आधी एलने सुरुवात का, तर बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये फुल रेसला पण एलच्या भोकातून थोडं पेट्रोल जात असतं, एल नंतर बदलला तर एच पण हलतो. आयडलिंगवर एल हळूहळू आत फिरवा, वेग वाढत जाईल आणि एका ठिकाणी डळमळायला लागेल, बंद पडेल असं वाटेल. तिथून बाहेर फिरवा, वेग चढून मग पुन्हा उतरेल, आवाज जड, धुरकट होईल. या दोघांच्या मध्ये कुठेतरी सगळ्यात जास्त वेग आहे. तो सापडला की तिथून साधारण अष्टमांश ते पाव फेरा बाहेर, म्हणजे किंचित रिच. मग रेस झटक्यात दाबा. मशीनने लगेच उचललं तर बरोबर. क्षणभर दबकलं, घुसमटलं, मग उचललं तर एल अजून थोडा बाहेर. उचलतं पण धूर सोडत, लोळत लोळत, आणि बराच वेळ आयडलिंगला ठेवून मग रेस दिली की गुदमरतं, तर एल जास्त बाहेर आहे, थोडा आत.

मग एलए. चेन अजिबात फिरायला नको आणि मशीन बंद पण पडायला नको. एलए आत फिरवत जा, चेन हलायला लागली की तिथून मागे या, नुसतं थांबेपर्यंत नाही, त्याहून थोडं आणखी. आयडलिंगला चेन सरकणारं मशीन हातात घेऊन चालणं म्हणजे पायाला जखमेचं आमंत्रण. जर चेन थांबवायला एलए एवढा मागे घ्यावा लागतोय की मशीन बंदच पडतं, तर क्लचची स्प्रिंग ढिली झालीय किंवा, हो, हवेची गळती.

आता एच, आणि इथे कान लागतात. आधी एच पाव फेरा जास्तच बाहेर घ्या, मुद्दाम रिच. फुल रेस द्या, तीन-चार सेकंद, जास्त नाही. आवाज तुटक येईल, भर्र-भर्र-भर्र, बोबडं बोलल्यासारखा, मशीनला घसा साफ करायचाय असं वाटतं. पेट्रोल जास्त असल्यामुळे काही ठोके नीट पेटत नाहीत आणि ते चुकलेले ठोके आपल्याला ऐकू येतात, याला मेकॅनिक लोक फोर स्ट्रोकिंग म्हणतात. सोडा, एच थोडा आत, पुन्हा फुल रेस. असं करत करत एका ठिकाणी तुटकपणा जाऊन आवाज एकसलग होईल, स्वच्छ किंचाळी. ही किंचाळी ऐकायला भारी वाटते आणि इथेच लोक थांबतात, कारण मशीन सगळ्यात जोरात वाटतं. इथे थांबायचं नाही. तिथून परत बाहेर, भर्र-भर्र जेमतेम परत ऐकू येईपर्यंत.

खरी परीक्षा लाकडात. जाड ओंडक्यात फुल रेसने काप घ्या. कापताना भार आला की तो तुटकपणा नाहीसा व्हायला पाहिजे, आवाज स्वच्छ, आणि कापातून किंचित वर उचललं की लगेच भर्र-भर्र परत. परत कापात दाबलं की स्वच्छ. हे होतंय म्हणजे एच जागेवर बसला. कापताना पण भर्र-भर्र चालूच असेल तर अजून जरा आत. उचलल्यावर पण किंचाळतंच असेल तर लीन आहे, बाहेर. याच्यापेक्षा भरवशाची टेस्ट मला माहीत नाही, प्लगचा रंग वगैरे बघतात लोक, विटकरी-तपकिरी चांगला आणि पांढरा म्हणजे लीन, बरोबरच आहे ते, पण हल्लीच्या पेट्रोल-ऑइलमध्ये प्लग उशिरा बोलतो.

इथे एक सापळा आहे. बऱ्याच मशीनच्या कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर असतो, ठराविक आरपीएमला तो स्पार्क तोडतो आणि त्याचा आवाज पण अगदी फोर स्ट्रोकिंगसारखाच तुटक. माणूस समजतो मशीन रिच आहे आणि एच आत आत घेत जातो, आवाज तसाच, कारण तो लिमिटरचा आहे, आणि मिश्रण भयंकर लीन. ओळखायचं असं, एच भरपूर बाहेर घेऊन सुरू करा, तेव्हाचा तुटकपणा कमी वेगाचा, जड असतो, आत घेता घेता स्वच्छ व्हायची एक जागा येते आणि त्यापुढे परत तुटक झालं तर ते लिमिटरचं, स्वच्छ झालेली जागा सोडून पुढे जायचंच नाही. टॅकोमीटर असेल तर प्रश्नच मिटला, वायरजवळ धरायचा छोटा मीटर येतो, पुस्तिकेतला कमाल आरपीएम बघून त्याच्या खालीच ठेवा.

शेवटी परत एकदा एल आणि एलए तपासा, एच हलवल्यावर आयडलिंग थोडं बदलतं.

आणि डोंगरावर काम असेल किंवा हंगाम बदलला तर परत कान लावा. उंचीवर हवा विरळ, मशीन रिच होतं. थंडीत हवा घट्ट, मशीन लीन होतं. उन्हाळ्यात दुपारी केलेलं सेटिंग हिवाळ्यातल्या पहाटे तसंच वापरणं धोक्याचं, उलट चालून जातं.

मशीन हवा खेचतंय हे कसं कळतं

कार्ब्युरेटरच्या पुढे, म्हणजे कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये किंवा क्रँककेसला, कुठेही बारीक फट असली की तिथून नुसती हवा आत जाते, पेट्रोलशिवाय, ऑइलशिवाय. कार्ब्युरेटर आपलं काम बरोबर करत असतो पण त्याला माहीतच नसतं की मागच्या दाराने कोणीतरी येतंय.

लक्षणं सांगतो. रेस देऊन सोडली की वेग लगेच खाली येत नाही, वर लटकून राहतो, मग हळूहळू उतरतो. आयडलिंग एका जागी राहत नाही, आपोआप चढतं-उतरतं, सकाळी सेट करा दुपारी वेगळं. गरम झालं की जास्त. एल आणि एच नेहमीपेक्षा खूप बाहेर घ्यावे लागतात, दोन-अडीच फेरे. आणि सगळ्यात पक्की खूण, एच कितीही बाहेर घेतला तरी फुल रेसला भर्र-भर्र येतच नाही, किंचाळी कायम. असं झालं तर त्याच क्षणी मशीन बंद करा, पुढे प्रयोग नको. तुम्ही पेट्रोल संपताना मशीन कसं शेवटी एकदम वर चढून बंद पडतं ते ऐकलंय ना, तोच लीनचा आवाज, टाकी भरलेली असताना तो आला तर हवा कुठून तरी येतेय किंवा पेट्रोल कुठेतरी अडतंय.

हवा येतेय की पेट्रोल अडतंय, हा फरक कसा करायचा? वेग लटकलेला असताना चोक अगदी थोडा ओढा. लगेच शांत होऊन नीट चालायला लागलं तर लीन आहे एवढं नक्की झालं. मग आयडलिंगवर मशीन हातात धरून वाकवा, नाक खाली, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. थोडासा फरक सगळ्यांनाच पडतो, पण एका बाजूला वाकवल्यावर वेग एकदम उसळला तर क्रँकच्या ऑइल सीलवर, म्हणजे क्रँकच्या शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी कड्यावर, संशय घ्या, कारण बेअरिंग झिजलं असेल तर क्रँक त्या बाजूला किंचित सरकतो आणि सीलची ओठाची कड उघडते. पेट्रोल अडत असेल तर लक्षण उलट, आयडलिंग बरं, फुल रेस लांबवली की दम सोडतं, वेग लटकत सहसा नाही. इम्पल्सची नळी चिरलेली असेल तर मात्र दोन्ही एकत्र, हवा पण येते आणि पंप पण कमजोर पडतो, मेकॅनिकला वेड लावायला तेवढं पुरे.

आणि वेग चढून खाली येईचना, स्विच बंद करून पण चालूच, तर घाबरू नका, चोक पूर्ण ओढा, बंद पडतं.

काही लोक चालू मशीनवर इकडे तिकडे कार्ब क्लीनर मारून वेग बदलतो का बघतात. मी हे करू नका म्हणेन, सायलेन्सर तापलेला, प्लगची वायर तिथेच, आणि फवारा पेटणारा. शिवाय त्याने इनटेकची गळती सापडेल पण फ्लायव्हीलच्या मागचा सील सापडेलच असं नाही, पंख्याची हवा फवारा उडवून लावते.

प्रेशर आणि व्हॅक्युम टेस्ट

खरा निकाल इथे लागतो. मीटर असलेला हातपंप लागतो जो दाब पण देतो आणि व्हॅक्युम पण ओढतो, गाडीच्या ब्रेकचं काम करणाऱ्यांकडे असतो. बाकी सामान म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि साबणाचं पाणी.

इंजिन पूर्ण थंड. सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा ठेवून त्याच्यावर सायलेन्सर किंवा पत्र्याची पट्टी त्याच बोल्टने आवळा. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरी बूटच्या (कार्ब्युरेटर आणि सिलिंडर जोडणारा रबरी तुकडा) तोंडावर पण तसंच बंद करा. प्लग आवळलेला. पंप इम्पल्सच्या नळीला जोडा, काही मशीनला नळी नसून फ्लँजमध्ये भोक असतं तिथे पत्र्याच्या तुकड्याला निपल लावून जोडायची सोय करावी लागते. जोडायच्या आधी पंपाची स्वतःची नळी अंगठ्याने बंद करून दाब धरतोय का बघा, नाहीतर पंपच गळत असतो आणि आपण मशीन उघडत बसतो.

०.५ बार दाब द्या, म्हणजे साधारण ७ पीएसआय, जास्त नको, सील बाहेर ढकलला जाईल. काटा किमान २० सेकंद जागेवर राहिला पाहिजे. दाब असतानाच क्रँक हळूहळू फिरवा, पिस्टन वर असताना इनटेकचं तोंड क्रँककेसला उघडं होतं तर बूट तपासला जातो, पिस्टन खाली असताना सिलिंडर जोडला जातो म्हणून प्लग आणि डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी ओढताना सिलिंडरचा दाब कमी करणारी झडप) पण तपासले जातात. काटा पडत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, बूट, त्याची क्लॅम्प, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, क्रँककेसचा जोड, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह, आणि फ्लायव्हील-क्लच काढून दोन्ही सील. फेस कधी भसाभसा येतो, कधी एक एक मोहरीएवढा बुडबुडा फुगत जातो, घाई करू नका, बघत राहा.

दाब टिकला म्हणून पॅकअप करू नका. सीलची कड आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असते, आतून दाब आला की ती शाफ्टवर आणखी घट्ट बसते, म्हणजे खराब सील पण प्रेशर टेस्ट पास होऊ शकतो. आता व्हॅक्युम ओढा, तेवढाच ०.५ बार. आता कड शाफ्टवरून उचलली जाते, पिस्टन वर जाताना चालू इंजिनमध्ये होतं तसंच. २० सेकंदात व्हॅक्युम ०.३ बारपर्यंत उतरला तरी बहुतेक ठिकाणी चालतं मानतात, त्याहून जास्त उतरला तर सील गेले. व्हॅक्युममध्ये बुडबुडे दिसणार नाहीत हे उघडच, तेव्हा सीलवर घट्ट ऑइलचा एक थेंब टाका, आत ओढला जाऊन काटा क्षणभर थांबला तर चोर तोच.

दोन्ही टेस्ट पास आणि मशीन तरी लीन, तर कार्ब्युरेटरकडे वळा, तो या टेस्टमध्ये बाहेर होता. थ्रॉटलचा शाफ्ट बोटाने वर-खाली हलवा, ढिला असेल तर तिथूनच हवा. आत पेट्रोल येतं तिथली बारीक जाळी बघा, ही जाळी सगळ्यात विसरली जाणारी वस्तू. मीटरिंग लिव्हर वाकलेला, सुई अडकलेली, हे पण.

बूट बदलताना जुना हातात घेऊन ताणून बघा, नुसता बघून धड दिसतो आणि ताणला की घडीतली चीर तोंड उघडते. सील काढताना शाफ्टला किंवा बसायच्या जागेला टोचा लागू देऊ नका, एक ओरखडा म्हणजे नवा सील पण गळणार. नवा बसवताना ओठाला ऑइल लावा, शाफ्टवरच्या आट्यांना आणि चावीच्या खाचेला पातळ टेप गुंडाळा म्हणजे कड फाटणार नाही, आणि बरोबर मापाच्या पाइपने सरळ ठोका, तिरका नको. क्लचचे आटे बहुतेक मशीनला उलटे असतात, सोडवायला घड्याळाच्या दिशेने, आणि पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी घाला, लोखंडी काही नको. त्याच वेळी क्रँक धरून वर-खाली हलवून बघा. खुळखुळ वाटली तर बेअरिंग गेलंय आणि नुसता सील बदलून काही उपयोग नाही, तो थोड्या दिवसांत परत गळेल.

सगळं जोडून झालं की एल-एच जुन्या जागेवर ठेवू नका. ती जागा गळती झाकायला केलेली होती, आता तिथे मशीन धुराने भरेल. परत एक एक फेरा, परत तापवा, एल, एलए, एच, याच क्रमाने. नवे सील पहिल्या टाकीत बसतात, ती टाकी संपली की आयडलिंग आणि भर्र-भर्र दोन्ही एकदा परत ऐकून घ्या, हललं असेल तर अष्टमांश फेऱ्यातच काम होतं.